गावात चर्च नाही, तर नाताळच्या आधीचे दिवस घरीच कसे पाळावेत?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. यवतमाळकडच्या तुमच्या गावात कॅथलिक घर एकटं तुमचंच. चर्च चाळीस किलोमीटरवर, फादर महिन्यातून एकदा येतात. घरात सात आणि दहा वर्षांची मुलं, आणि सासूबाई ख्रिस्ती नाहीत. अशा घरात नाताळच्या आधीचा महिना श्रद्धेने कसा पाळायचा, असं तुम्ही विचारलंय, आणि लोकांनी तुम्हाला झाड, लायटिंग आणि केक सुचवले आहेत. मी वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यात, कापूस-तुरीच्या घरात राहते. लहानपणी आईने आमच्याकडून हे दिवस पाळून घेतले, आता मी माझ्या मुलांसोबत पाळते. म्हणून लिहिते.

माझं सांगणं एवढंच, नाताळ घाईने घरात आणू नका. मुलांना वाट पाहू द्या. आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या आधीचे हे आठवडे, असतो तो वाट पाहण्यासाठीच. ३० नोव्हेंबरच्या सगळ्यात जवळचा रविवार, म्हणजे २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या मधला, तिथून तो लागतो. मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, फादर जांभळी वस्त्रं घालतात आणि रविवारचं 'ग्लोरिया' हे स्तुतिगीत गायचं थांबतं. घरातही तसंच असू द्या. चांदणी टांगा, पण दिवा २४ च्या रात्री लावा. करंज्या-अनारशांची तयारी करा, डबा २५ ला उघडा. लेकरांना हे जड जातं, आणि त्यांना ते थोडं जड जावंच असं मला मनापासून वाटतं.

आधी वेळ ठरवा. या दिवसांत कापसाची वेचणी चालू असते, बाया संध्याकाळी कंबर धरून घरी येतात. हरभऱ्याला पाणी द्यायचं असतं आणि मोटरीची लाईन रात्रीची असली की माणूस जेवून वावरात निघतो. म्हणून आमच्याकडे प्रार्थना ताटं वाढायच्या आधी होते, दहा मिनिटं, त्याहून जास्त नाही. एक वचन, एक 'आमच्या बापा', एक 'नमो मारिया', आणि ज्याला जे मागायचं ते त्याने आपल्या शब्दांत मागायचं. शनिवारी रोझरीतली, म्हणजे मारियामातेच्या जपमाळेतली, आनंदाची पाच रहस्यं, म्हणजे येशूच्या जन्माचे आणि बालपणाचे प्रसंग. रोज पूर्ण रोझरीचा आग्रह सात वर्षांच्या पोरासाठी धरू नका. ते पेंगतं, मग आपण रागावतो, आणि प्रार्थना म्हटली की त्याला आईचा राग आठवतो.

आता गव्हाण, म्हणजे बाळ येशूला ज्यात निजवलं ती ढोरांच्या चाऱ्याची जागा. माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट हीच. जुन्या फळ्या ठोकून करा, नाहीतर छोटं टोपलंही चालतं. पहिल्या रविवारी ती रिकामी मांडायची. दिवसभरात कोणासाठी काही चांगलं केलं, आजीचे पाय चेपले, न सांगता ढोरांना पाणी पाजलं, की रात्री प्रार्थनेच्या वेळी बाळाच्या अंथरुणासाठी एक चिमूट त्यात ठेवायची. भंडारा-गोंदियाकडे धानाचं तणस ठेवतात. आपल्याकडे कापूस आहे, तोच ठेवा. सोयाबीनचं कुटार नको, ते फार खाजतं. माझी धाकटी कापसाची एक पाकळी घेऊन बसते आणि तिच्यातली सरकी एकेक करून नखाने सोडवते. बाळाला टोचेल म्हणते. सरकी अशी सहज सुटत नाही, तंतू दोन बोटांत घट्ट धरून दाणा ओढावा लागतो, तरी दाण्याला थोडी लव राहतेच. ती ते दाणे वाटीत टाकते आणि सकाळी गाईपुढे ठेवते. कोणत्या कामाचा कापूस ठेवला हे कोणी सांगायचं नाही, आणि कोणी किती ठेवला हे मोजायचं नाही. एवढे दोनच नियम. मोजायला लागलात तर भावंडांत शर्यत सुरू होईल.

महागाच्या मूर्ती घ्यायला नागपूरला जाऊ नका. संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी गव्हाण मांडली तेव्हा तिथे मूर्ती नव्हत्याच. चारा होता, बैल होता, गाढव होतं, आणि गावची माणसं होती. एखाद्या संध्याकाळी मुलांना घेऊन आपल्या कोठ्यात जा आणि बैलांच्या शेजारी उभं राहून प्रार्थना करा. शेणाचा वास, बैलाचा उष्ण श्वास, पायाखालचा ओला चारा हे सगळं त्यांना कळू द्या. देव अशाच जागी जन्माला आला हे त्यांना वेगळं समजवावं लागणार नाही.

वाचनाबद्दल. काही घरांत १ ते २४ डिसेंबर रोज लूकच्या शुभवर्तमानाचा, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्राचा, एक अध्याय वाचतात, कारण त्याचे अध्याय चोवीसच आहेत. मोठ्यांसाठी हे छान आहे. मुलांना मात्र दुसऱ्याच दिवशी जन्म वाचून होतो, मग वाट कशाची पाहायची? म्हणून मुलांसोबत मी जुना करार घेते, म्हणजे बायबलचा येशूच्या आधीचा भाग. कडुनिंबाची एक वाळकी फांदी डब्यात खोचायची आणि रोज एक कागदी चित्र तिला बांधायचं: आदामाचं फळ, नोहाचं तारू, अब्राहामाचे तारे, याकोबाची शिडी, मोशेच्या पाट्या, दावीदाची गोफण. यशया संदेष्ट्याने सांगितलं होतं की इशायाच्या बुंध्याला कोंब फुटेल. इशाय म्हणजे दावीदाचा बाप, आणि ही फांदी त्याच बुंध्याची.

यातली रूथची गोष्ट मात्र घाईत उरकू नका. विधवा, परक्या देशातली सून, सासूला सोडून माहेरी जायला तयार नाही. बेथलेहेमला येते तेव्हा सातूची कापणी चालू असते, आणि पोट भरायला ती दुसऱ्याच्या शेतात सरवा, म्हणजे कापणीत मागे पडलेली कणसं, वेचते. आपल्या मुलांनी सरवा वेचणाऱ्या बाया पाहिलेल्या असतात, कदाचित आपली आजीच वेचायची. शेताचा मालक बवाज आपल्या गड्यांना सांगतो की तिच्यासाठी मुद्दाम काही पेंढ्यांतून कणसं पडू द्या, तिला बोलू नका. तीच रूथ पुढे दावीद राजाची पणजी होते, आणि मत्तयने आपल्या शुभवर्तमानात येशूच्या वंशावळीत तिचं नाव लिहिलं आहे. तुमच्या सासूबाईंना त्या दिवशी जवळ बसवा, कारण ही गोष्ट सासू-सुनेचीच आहे. त्यांच्यावर प्रार्थना लादू नका. नुसती गोष्ट ऐकू द्या, आणि त्यांना त्यांच्या काळच्या सुगीच्या गोष्टी सांगू द्या. आमच्या शेजारच्या काकू अशाच ऐकत बसायच्या, आणि सरवा कसा वेचतात हे मुलांना त्यांनीच करून दाखवलं.

चार मेणबत्त्यांची माळ, जिच्यातली दर रविवारी एक लावायची, हवी असेल तर जरूर करा. तीन जांभळ्या, एक गुलाबी. गुलाबी तिसऱ्या रविवारची, आनंदाची. गावच्या दुकानात पांढऱ्याच मिळतात, त्यांना रंगीत दोरा गुंडाळा, किंवा दिवाळीच्या चार पणत्या लावा. चर्चने ही घरोघरी सक्तीची केलेली नाही. जर्मनीत हॅम्बुर्गला एका प्रोटेस्टंट पाळकाने १८३९ मध्ये ती सुरू केली आणि नंतर आपण कॅथलिकांनीही घेतली.

उपासाचं विचाराल, तर आमचा चांदा धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपच्या देखरेखीखालचा भाग, सिरो-मलबार विधीचा आहे, म्हणजे उपासनेची केरळची परंपरा. तिथे १ डिसेंबरपासून नाताळपर्यंत पंचवीस दिवसांचा उपास पाळतात, मांस-मासळी वर्ज्य. नागपूर आणि अमरावती धर्मप्रांत लॅटिन, म्हणजे रोमच्या, विधीचे, तिकडे ही चाल नाही. तुमच्याकडे मुलांनी एखादी आवडती गोष्ट सोडली आणि वाचलेले पैसे गावातल्या गरजू घरी धान्य म्हणून पोचवले तरी पुष्कळ झालं. धान्य मुलांच्याच हाताने द्या.

तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा: ६ डिसेंबर संत निकोलस, ८ डिसेंबर मारियामातेचा निष्कलंक गर्भसंभव, म्हणजे ती गर्भात आली तेव्हापासूनच पापाविना होती याचा सण, १६ पासून नाताळची नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना. २४ च्या रात्री घरातल्या सगळ्यात लहान मुलाच्या हातून बाळ येशूला कापसावर ठेवा आणि लूकचा दुसरा अध्याय वाचा. फराळाची ताटं शेजारीपाजारी पाठवायची ती २५ ला. गव्हाण २६ ला आवरू नका, जानेवारीतल्या तीन ज्ञानी पुरुषांच्या सणापर्यंत राहू द्या.

रविवारी मिस्साला जाणं खरोखर शक्य नसेल तर मनाला लावून घेऊ नका. अशा वेळी कुटुंबाने मिळून प्रार्थनेत वेळ घालवावा, असं चर्चच्या कायद्यातही सांगितलेलं आहे. त्या रविवारची वाचनं घरी वाचा. पापनिवेदन, म्हणजे आपली पापं कबूल करून क्षमा मागणं, मात्र फादरांशिवाय होत नाही. त्यांना नोव्हेंबरातच फोन करा आणि तुमच्या गावी मिस्सा कोणत्या दिवशी ठेवता येईल ते विचारा. डिसेंबरात त्यांच्यावर आजूबाजूच्या सगळ्या गावांचा भार असतो, उशिरा विचारलं तर दिवस शिल्लक नसतो.