कामाच्या दौऱ्यात शहर कधी बघायचं?

पहिल्या दौऱ्याला निघतोयस, तर एक सांगतो. मीटिंग संपल्यावर शहर बघू, असं ठरवू नकोस. मीटिंग संपते, मग जेवण लांबतं, मग मेल्स. शहर राहतंच.

पहाट वापर. पश्चिमेकडे गेलास की पहाटे चारला टक्क जाग येते, तेव्हा कूस बदलत पडण्यापेक्षा बूट घालून बाहेर पड. प्राग मला असंच भेटलं. 1357 मध्ये बांधायला घेतलेला चार्ल्स पूल दिवसा निव्वळ धक्काबुक्की असतो. सकाळी सहाला मात्र ओला दगड, नदीवरचं धुकं, दोन्ही कठड्यांवरचे काळवंडलेले पुतळे आणि एक झाडूवाला. नऊला मी क्लायंटसमोर होतो, बुटांना चिखल तसाच. कोणी बघितलं नाही, बहुतेक.

प्रसिद्ध गोष्टींकडून फार अपेक्षा ठेवू नकोस. कोपनहेगनच्या जलपरीचा पुतळा जेमतेम सव्वा मीटरचा आहे, मी आधी त्याच्या पुढून निघून गेलो होतो! आयफेल टॉवरबद्दल मात्र माझं मत बदललं. दिवसा तो मला लोखंडी सांगाडाच वाटला. अंधार पडल्यावर दर तासाच्या ठोक्याला तो पाच मिनिटं लुकलुकतो, तेव्हा लॅपटॉपची बॅग खांद्यावर घेऊन मी नुसता उभा राहिलो.

आणि हो, पॅरिसचं लूव्ह्र संग्रहालय मंगळवारी बंद असतं. मी मंगळवारीच गेलो होतो.

रात्री झोपण्याआधी चार ओळी लिही. फोटो ढीगभर निघतात, पण वास आणि आवाज आठवडाभरात विसरायला होतात.