एल निनो आला म्हणून पेरणीची घाई नको : समुद्रप्रवाहांबद्दल तुमचे प्रश्न

मार्च संपला की माझ्याकडे तेच तेच प्रश्न यायला लागतात, आणि बहुतेकांच्या शेवटी "व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय, खरं आहे का?" हे ठरलेलं. म्हणून एकदाच सगळ्यांना इथे उत्तरं देतो.

समुद्र आपल्यापासून इतका दूर, मग त्यातल्या प्रवाहांचा नागपूरशी काय संबंध? (मानेवाडा)

पावसाचा संबंध आहे. आपला पावसाळ्यातला बराचसा पाऊस बंगालच्या उपसागरात तयार होणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांमुळे येतो, ती ओडिशा-छत्तीसगडवरून इकडे सरकतात. गंगा-ब्रह्मपुत्रेचं गोडं पाणी उपसागरात वरच पसरून राहतं, खालच्या गार पाण्यात सहजी मिसळत नाही, त्यामुळे वरचा थर तापलेला राहतो आणि वाफ उठतच राहते. अख्खं वातावरण एका अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते ना, तेवढ्यात समुद्राचं फक्त वरचं अडीच-तीन मीटर पाणी एका अंशाने तापतं. आता हे पाणी जिकडे वाहत जाईल तिकडचं हवामान बदलणारच.

भरती-ओहोटी म्हणजेच प्रवाह ना? (इतवारी)

नाही. भरती-ओहोटी चंद्र-सूर्याच्या ओढीने होते, आपण बोलतोय ते प्रवाह वेगळे.

गाईडमध्ये लिहिलंय की प्रवाह वाऱ्यामुळे वाहतात. एवढंच का? (दहावीची विद्यार्थिनी, वर्धा)

गाईडने अर्धंच सांगितलं बाळा. वरचे काहीशे मीटर पाणी वारा ढकलतो हे बरोबर, पण पृथ्वी फिरते म्हणून ते उत्तर गोलार्धात उजवीकडे वळतं आणि दक्षिणेत डावीकडे. नॉर्वेचा संशोधक नान्सेन याचं फ्राम जहाज 1893 ते 1896 आर्क्टिकच्या बर्फात अडकून वाहत होतं तेव्हा त्याने पाहिलं की बर्फ वाऱ्याच्या सरळ दिशेने जातच नाही, उजवीकडे सरकतो. खोल पाण्याची गोष्ट अजून निराळी. ग्रीनलंडच्या आसपास खारं पाणी गार होऊन जड होतं, खाली बसतं आणि तळातून दक्षिणेकडे निघतं, पूर्ण फेरीला हजारेक वर्षं लागतात. आणि आपल्या शेजारचा सोमालीचा प्रवाह तर मान्सूनच्या वाऱ्यासोबत दिशाच उलटी करतो, उन्हाळी मान्सूनमध्ये ईशान्येकडे, हिवाळ्यात नैऋत्येकडे. पेपरात किती लिहायचं ते मात्र भूगोलाच्या बाईंना विचार.

मुलगी सप्टेंबरात लंडनला शिकायला जातेय. गल्फ स्ट्रीम बंद पडून तिकडे हिमयुग येणार असा व्हिडिओ पाहिला. पाठवू का? (धरमपेठ)

पाठवा. गल्फ स्ट्रीम म्हणजे अटलांटिकमधला गरम पाण्याचा प्रवाह, तो मुख्यतः वाऱ्याने चालतो, वारे आहेत आणि पृथ्वी फिरतेय तोवर तो बंद पडत नाही. शास्त्रज्ञांना काळजी आहे ती अटलांटिकच्या खोल अभिसरणाची, म्हणजे वर सांगितलेल्या खाली बसणाऱ्या पाण्याच्या फेरीची, बर्फ वितळून गोडं पाणी वाढलं की वरचं पाणी खाली बसायचं कमी होतं. 2004 पासून अटलांटिकमध्ये यंत्रं लावून ते मोजतायत. आयपीसीसीचा (हवामान बदलावरची संयुक्त राष्ट्रांची समिती) 2021 चा अहवाल म्हणतो की या शतकात ते मंदावणार हे जवळपास नक्की, पण 2100 च्या आधी एकदम कोसळण्याची शक्यता कमी. काही शास्त्रज्ञांना धोका याहून मोठा वाटतो, तो वाद चालू आहे. पण तुमच्या मुलीच्या पदवीच्या काळात हिमयुग येत नाही. कोट कोणता घ्यायचा ते तिथे राहणाऱ्या मुलांना विचारा.

कृषी केंद्रवाला म्हणते यंदा एल निनो आहे, पाऊस लवकर जाईल, हे कमी दिवसाचं बियाणं घ्या अन् पहिल्या पावसातच पेरून टाका. काय करू? (काटोल)

भाऊ, पहिल्या पावसात पेरू नका. हे जरा सविस्तर सांगतो, कारण दरवर्षी याच घाईपायी दुबार पेरणी होते आणि दुसऱ्या थैलीचे पैसे त्याच दुकानात जातात.

एरवी प्रशांत महासागरात पूर्वेकडून वारे वाहतात, गरम पाणी इंडोनेशियाकडे लोटतात आणि पेरू देशाच्या किनाऱ्याला खालून गार पाणी वर येतं. वारे मंदावले की गरम पाणी पूर्वेकडे सरकतं, ढगांची जागाही सोबत सरकते आणि आपल्याकडे हवा वरून खाली दबायला लागते, ढग कमी बनतात. हा एल निनो. त्याने पाऊस कमी होण्याची *शक्यता* वाढते, बस. 2009 ला देशात सरासरीच्या 78 टक्केच पाऊस झाला, तेही एल निनोचं वर्ष. पण 1997 चा एल निनो शतकातल्या सर्वात जबर एल निनोंपैकी, आणि त्या वर्षी देशाचा पाऊस सरासरीइतका झाला, कारण हिंदी महासागरात आफ्रिकेकडची बाजू तापली होती आणि सुमात्राकडची गार. आणि 2023 आठवा की. त्या वर्षीचा ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सर्वात कोरडा, आणि 23 सप्टेंबरच्या पहाटे नागपुरात काही तासांत 100 मिमीच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी लोकांच्या घरात. वर्ष एकच, एल निनो एकच! मग "एल निनो आहे" एवढ्यावर तुमच्या वावराची पेरणीची तारीख कशी काढता येईल? त्यात मार्च-एप्रिलमधला एल निनोचा अंदाज सर्वात कच्चा असतो, आणि नेमके तेव्हाच दुकानात बोर्ड लागतात.

75 ते 100 मिमी पाऊस पडून ओल खोलवर गेली की मगच पेरा. वाण कोणतं ते दुकानदाराला नाही, तालुका कृषी अधिकाऱ्याला किंवा कृषी विज्ञान केंद्रात विचारा, तुमची जमीन हलकी की भारी हे सांगून विचारा. मंगळवारी-शुक्रवारी हवामान खात्याचा कृषी सल्ला निघतो, मेघदूत अ‍ॅपवर फुकट मिळतो.

ला निना आला की पूर पक्का ना? (भंडारा)

पक्का नाही. ला निना म्हणजे एल निनोच्या उलट स्थिती, तिथेही शक्यताच, फक्त जास्त पावसाच्या बाजूची.

एक जण पैसे घेऊन तीन महिने आधी पावसाची तारीख सांगतो. घ्यावं का? (सावनेर)

नाही. तीन महिने आधी तारीख कोणालाच सांगता येत नाही.

एल निनोच्या वर्षी संत्र्याचा मृग बहार धरावा का? (वरूड)

मृग बहारासाठी आधी पाणी बंद करून झाडाला ताण देतात. जूनमध्ये पाऊस लांबला तर तो ताण तोडायला विहिरीत पाणी आहे का, हे आधी मोजा. बाकी तो माझा विषय नाही, नागपुरात अमरावती रोडवर लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे, तिथे विचारा. आणि बागेचं पाणी तोडायच्या आधी विचारा, लोक पानं सुकल्यावर फोन करतात.