शीर्षकपानाच्या मागचे पान : वाचकांचे प्रश्न

नाशिकच्या एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या देवघेव विभागात मी सव्वीस वर्षे काम केले. त्या टेबलावर जे प्रश्न समोरासमोर विचारले जात, तेच आता पत्रांतून येतात. या महिन्यातील पाच पत्रांचा विषय एकच आहे, पुस्तके आणि ती घडवणारी माणसे शोधावीत कशी, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. पत्रे लांब होती. येथे त्यांतील प्रश्न तेवढे दिले आहेत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. चाळीस वर्षे नियमित वाचते आहे, पण वाचनाची जुनी वही काढून पाहिली तेव्हा पाच-सहा लेखकांचीच नावे पुन्हा पुन्हा दिसली. दुकानात दर्शनी भागात ठराविक पुस्तके मांडलेली असतात आणि मोबाइलवर शोधले तरी तीच समोर येतात. निराळी पुस्तके शोधावीत तरी कशी? (एक वाचक, इंदिरानगर)

उत्तर : पाच-सहा लेखक पुन्हा पुन्हा वाचण्यात कमीपणा काहीच नाही. पुढची वाट तेच लेखक दाखवतील, मात्र त्यांची पुस्तके थोडी अलीकडून उघडावी लागतील. शीर्षकपान उलटले की त्याच्या पाठीमागे बारीक अक्षरांत प्रकाशक, मुद्रक, आवृत्तीचे वर्ष, अक्षरजुळणी, मुखपृष्ठ, आतील चित्रे आणि पुस्तक अनुवादित असेल तर मूळ पुस्तकाचे नाव व भाषा असा मजकूर असतो. त्यानंतर अर्पणपत्रिका, प्रस्तावना आणि ऋणनिर्देश येतात. आपण बहुतेक जण ही पाने ओलांडून थेट पहिल्या प्रकरणावर जातो. परत आलेले पुस्तक तपासताना पानांच्या कडा पाहण्याची मला सवय होती. पुढची दोनशे पाने बोटांनी काळवंडलेली आणि सुरुवातीची आठ-दहा पाने मात्र नव्यासारखी पांढरी, अशी शेकडो पुस्तके माझ्या हाताखालून गेली आहेत.

आपल्याच गावातील उदाहरण घेऊ. कुसुमाग्रजांचा ‘विशाखा’ हा संग्रह १९४२ साली निघाला, तो वि. स. खांडेकरांनी पदरमोड करून काढला आणि त्याला प्रस्तावनाही त्यांनीच लिहिली. एका कादंबरीकाराने दुसऱ्याच्या कवितांसाठी खिशात हात घालावा, एवढे त्या कवितांत त्याला काय दिसले असेल, हे ती प्रस्तावना वाचल्यावर कळते. आपण खांडेकरांच्या कादंबऱ्या वाचल्या असतील, तर या प्रस्तावनेत आपल्याला कविता वाचणारे खांडेकर भेटतील. तेथून त्यांचे लघुनिबंध आणि रूपककथा फार लांब नाहीत. पुढे १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार खांडेकरांना आणि १९८७ चा कुसुमाग्रजांना मिळाला, ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते. पण त्या दोघांना जोडणारा धागा त्याच्या कितीतरी आधी एका पुस्तकाच्या पहिल्या पानांत छापला गेला होता.

दुसरी वाट अनुवादकाच्या नावावरून निघते. आपल्या पत्रात कन्नड कादंबरीकार एस. एल. भैरप्पा यांच्या कादंबऱ्यांचा उल्लेख आहे, पण त्या मराठीत ज्यांनी आणल्या त्या उमा कुलकर्णी यांचा नाही. त्यांचे पती विरूपाक्ष कुलकर्णी कन्नड मजकूर त्यांना वाचून दाखवीत आणि तो ऐकून त्या मराठीत लिहीत. विरूपाक्ष यांनी स्वतः मराठी पुस्तके कन्नडमध्ये नेली. म्हणजे आपण जे पान वाचता, त्याच्या मागे एका घरातील मोठ्याने वाचण्याचा आवाज आहे. भैरप्पांच्या कादंबऱ्या वाचून संपल्या म्हणून थांबू नका. उमाताईंनी कन्नडमधील शिवराम कारंतही मराठीत आणले आहेत आणि कारंतांचे जग भैरप्पांच्या जगापेक्षा पुष्कळ वेगळे आहे. लेखक बदलला तरी अनुवादक तोच राहिला, तर नवख्या प्रदेशात ओळखीचे माणूस सोबत असल्यासारखे वाटते. मी स्वतः अशीच एका अनुवादकाचा हात धरून दुसऱ्या भाषेत शिरले आहे.

मोबाइलबद्दल एवढेच सांगते की, आपण जे मागतो त्याच्यासारखेच तो पुढे करतो, आणि आपल्याला हवे आहे ते नेमके याच्या उलट. त्यासाठी ग्रंथालयात चिठ्ठीवर नाव लिहून पुस्तक मागवण्याऐवजी, जेथे मुक्तद्वार पद्धत, म्हणजे वाचकाला कपाटांपर्यंत जाण्याची मोकळीक, असेल तेथे स्वतः कपाटापाशी जावे. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, हा ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांपैकी एक नियम आहे आणि तो कपाटापाशीच खरा होतो. मी एक युक्ती नेहमी सांगत असे. ठरवून आलेले पुस्तक काढा, आणि त्याच्या डावी-उजवीकडची दोन पुस्तके नावसुद्धा न ऐकलेली असली तरी हातात घेऊन त्यांचे ऋणनिर्देश उभ्याउभ्याच वाचा. दुसऱ्याने निवडलेली पुस्तके वाचण्याची तयारी असेल, तर कुसुमाग्रज प्रतिष्ठानाचा ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा नाशिकमधूनच सुरू झालेला उपक्रम आपल्यासाठीच आहे असे मी म्हणेन. त्यात वाचकांच्या गटाकडे पुस्तकांची पेटी येते आणि ठरावीक काळाने पेट्यांची अदलाबदल होते. पेटीत काय येईल हे आपल्या हाती नसते, हाच तिचा मोठा गुण आहे.

प्रश्न : मी उपयोजित कलेचा विद्यार्थी आहे आणि मला पुस्तकांची मुखपृष्ठे करायची आहेत. जुन्या मराठी मुखपृष्ठकारांविषयी कोठे वाचायला मिळेल? ग्रंथालयात जुनी पुस्तके मागितली, तर सगळ्यांना एकसारखे तपकिरी पुठ्ठे. (एक विद्यार्थी, पंचवटी)

उत्तर : तुमच्या तक्रारीने माझी जुनी जखम उघडली. ग्रंथालयातील पुस्तक झिजले की ते बांधणीला जाते. परत येते तेव्हा त्याची शिवण पक्की असते, कणा ताठ असतो, आणि त्याचा चेहरा गेलेला असतो. फाटके मुखपृष्ठ काढून टाकतात, पाने तीन बाजूंनी कापून सरळ करतात, वर पुठ्ठा आणि कापड चढवतात आणि कण्यावर दाखल क्रमांकाची चिठ्ठी लावतात. मी नोकरीला लागले त्या वर्षी बांधणीहून आलेल्या गठ्ठ्यात एक कथासंग्रह होता. त्यातील एका रेखाचित्रात डोक्यावर घागर घेतलेली बाई होती. कापताना ती घागर निम्मी गेली होती आणि खालच्या कोपऱ्यातील चित्रकाराची सहीही गेली होती. शीर्षकपानाच्या मागे चित्रकाराचे नाव छापलेले नव्हते. त्या चित्रावर हक्क सांगणारी एकच खूण होती आणि ती आमच्या हातून कापली गेली. तेव्हापासून मूळ मुखपृष्ठ फाटके असले तरी ते खळ लावून नव्या पुठ्ठ्याच्या आतील बाजूस चिकटवावे आणि चित्रांच्या पुस्तकाची पाने कापू नयेत, असे मी बांधणीच्या प्रत्येक यादीवर लिहीत गेले. ते प्रत्येक वेळी पाळले गेले असे नाही. तुम्ही ज्या ग्रंथालयाचे सभासद आहात, तेथे ही विनंती लेखी द्या. विद्यार्थ्याने दिलेल्या अर्जाकडे कार्यकारी मंडळ अधिक आस्थेने पाहते, असा माझा अनुभव आहे.

आता वाचायचे कोठे, ते सांगते. सुहास बहुळकर आणि दीपक घारे यांनी संपादित केलेला शिल्पकार चरित्रकोशाचा दृश्यकला खंड संदर्भ विभागात मागा. महाराष्ट्रातील चित्रकार, शिल्पकार, उपयोजित चित्रकार यांची चरित्रे त्यात एकत्र सापडतात. मात्र चरित्र वाचण्याआधी काम पाहावे, आणि त्यासाठी जुने दिवाळी अंक उत्तम. मराठीत दिवाळी अंकाची प्रथा का. र. मित्र यांच्या ‘मासिक मनोरंजन’ने १९०९ साली घातली, आणि तेव्हापासून आजतागायत हे अंक लेखकांइतकेच चित्रकारांनीही उभे केले आहेत. चित्रकार दीनानाथ दलाल यांनी तर १९४५ साली ‘दीपावली’ हे स्वतःचे नियतकालिकच काढले. त्यांची मुखपृष्ठे ओळीने लावून पाहा. एकाच हाताने ऐतिहासिक कादंबरीला भरघोस रंग दिले आहेत आणि कवितासंग्रहाला मोजक्या रेषांवर सोडून दिले आहे. विषय वाचल्याशिवाय असे करता येत नाही.

वसंत सरवटे पेशाने स्थापत्य अभियंता होते. पु. ल. देशपांडे यांच्या लेखनासोबतची त्यांची चित्रे आपण सर्वांनी पाहिली आहेत. ‘ललित’ मासिकाच्या दिवाळी अंकांवरील त्यांची मुखपृष्ठेही पाहा, कारण पुस्तकांना वाहिलेल्या मासिकाचे मुखपृष्ठ म्हणजे वाङ्मयीन जगावरचे भाष्यच असते. व्यंगचित्रकलेवर त्यांनी मराठीत गंभीरपणे लिहिलेही आहे. अक्षरांसाठी कमल शेडगे यांच्याकडे जा. वर्तमानपत्रांतील नाटकांच्या जाहिरातींत त्यांनी काढलेली शीर्षके पाहिली, तर नाटकाचा स्वभाव अक्षराच्या वळणात कसा उतरतो, ते कोणी न सांगता कळते.

तुम्ही विचारलेले नाही, तरी एक गोष्ट सांगते. चित्रे काढणाऱ्या माणसांनी मराठीत लिहिलेली पुस्तके हा आपल्या भाषेतील ठेवा आहे आणि तो फार कमी वेळा घरी नेला जातो. द. ग. गोडसे हे चित्रकार व नेपथ्यकार, आणि त्यांचे ‘पोत’ हे पुस्तक वाचल्यावर जुन्या वास्तूकडे किंवा वस्त्राकडे पाहण्याची नजरच बदलते. प्रभाकर बरवे यांचे ‘कोरा कॅनव्हास’ चित्रकार विचार कसा करतो हे सांगते, तर वास्तुविशारद माधव आचवल यांचे ‘किमया’ भिंत, दार, उजेड यांच्याविषयी बोलते. व्यंकटेश माडगूळकर जंगलात हिंडताना वहीत रेखाटने करीत, आणि त्यांचे वाक्य त्यांच्या रेषेसारखेच आहे. नको ते त्यात काही नाही. अरुण कोलटकर यांचा पेशा जाहिरातकलेचा होता. त्यांचा पहिला मराठी कवितासंग्रह १९७७ साली प्रास प्रकाशनाने काढला. त्या प्रकाशनाचे अशोक शहाणे बंगालीतून मराठीत अनुवाद करणारे लेखक आहेत, म्हणजे एका चित्रकार-कवीचे पुस्तक उघडावे आणि प्रकाशकाच्या नावावरून बंगाली साहित्यात पोहोचावे, अशीही वाट आहे. यांपैकी पहिले काय वाचावे असे विचाराल, तर मी ‘किमया’ देईन. लहान पुस्तक आहे, पण ते वाचून झाल्यावर तुम्ही पंचवटीतल्या जुन्या वाड्यांसमोरून पूर्वीसारखे जाऊ शकणार नाही.

प्रश्न : नाशिकचे लेखक म्हटले की कुसुमाग्रज आणि वसंत कानेटकर ही दोनच नावे घेतली जातात. आणखी कोण? (एक वाचक, सिडको)

उत्तर : दोन पुस्तके आधी वाचा, नावांची यादी मग करू. पहिले लक्ष्मीबाई टिळक यांचे ‘स्मृतिचित्रे’. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरचा आणि मृत्यू १९३६ साली नाशिकचा. शाळेची पायरी न चढलेल्या बाईने लिहिलेले हे आत्मचरित्र १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाले, आणि मराठी गद्य इतके सरळ व इतके धीट क्वचितच झाले आहे. हे पुस्तक आपल्यापर्यंत येण्यात त्यांचे पुत्र देवदत्त टिळक यांचा मोठा वाटा आहे, हे वाचताना ध्यानात ठेवावे. दुसरे बाबूराव बागूल यांचे ‘जेव्हा मी जात चोरली होती!’ बागूल विहितगावचे, जन्म १९३० चा, आणि हा कथासंग्रह १९६३ चा. विहितगाव आज नाशिकरोडला लागूनच आहे. शहरातील कितीतरी लोक तेथून रोज जातात आणि मराठी कथेला हादरा देणारा माणूस या मातीतला, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

प्रश्न : माझा आठ वर्षांचा मुलगा पुस्तकातील चित्रेच पाहत बसतो, मजकूर वाचत नाही. चित्रांची पुस्तके बंद करावीत का? (एक आई, नाशिकरोड)

उत्तर : मुळीच नको. तो वाचतोच आहे, फक्त तो काय वाचतो हे तुम्ही त्याला विचारलेले नाही. माधुरी पुरंदरे स्वतः लिहितात आणि स्वतःच चित्रे काढतात, त्यामुळे त्यांच्या पुस्तकांत निम्मी गोष्ट मजकुरात आणि निम्मी चित्रात असते. ‘यश’ किंवा ‘राधाचं घर’ घ्या आणि चित्रातील घरात काय काय आहे ते त्याला सांगू द्या. मग त्यांनीच संपादित केलेले ‘वाचू आनंदे’ आणा. त्यात मराठीतील नाना लेखकांचे उतारे आहेत आणि त्यांच्या सोबतीला भारतीय कलेतील चित्रे आहेत, त्यामुळे मूल एकाच बैठकीत लेखकही पाहते आणि चित्रकारही. आवडलेल्या उताऱ्याच्या लेखकाचे नाव त्याला स्वतःच्या हाताने वहीत लिहायला सांगा आणि पुढच्या खेपेला तीच वही घेऊन ग्रंथालयात या. आमच्याकडे एक मुलगी अशी वही घेऊन येत असे. तिला मोठ्यांचे कपाट वयाच्या बाराव्या वर्षी उघडून द्यावे लागले.

प्रश्न : माझ्या पणजोबांनी एक पुस्तक छापले होते, असे घरात सांगतात. नाव नीट आठवत नाही, प्रतही नाही. शोध कोठून सुरू करावा? (एक वाचक, देवळाली कॅम्प)

उत्तर : शंकर गणेश दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’पासून. एका माणसाने जन्मभर खपून केलेल्या या सूचीच्या दोन खंडांत १८०० ते १९५० या काळातील मराठी मुद्रित पुस्तकांची नोंद आहे. पणजोबांचे आडनाव पुष्कळ जणांचे असू शकेल, म्हणून त्यांचे पूर्ण नाव, गाव आणि साधारण काळ कागदावर लिहून आणा आणि ग्रंथकारांच्या नावांनी पाहायला सुरुवात करा. नोंद सापडली तर प्रकाशक, मुद्रणालय आणि वर्ष आधी टिपून घ्या, कारण पुढे प्रत शोधताना यांचाच उपयोग होतो. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे आहे. जुन्या प्रतीची चौकशी प्रथम तेथेच करावी. प्रत मिळालीच, तर तिचे शीर्षकपान आणि त्याच्या मागचे पान अशा दोन्हींचे छायाचित्र काढून मला अवश्य पाठवा.