टाळेबंदीने साथ अडते का? कोकणातून आलेले काही प्रश्न

टाळेबंदीबद्दल लिहा म्हटल्यावर रत्नागिरी-सिंधुदुर्गातून बरेच प्रश्न आले. बहुतेकांचा राग अजून २०२० वरच आहे, त्यामुळे उत्तरंही तिथूनच सुरू करतो.

प्रश्न : ऐन हापूसच्या हंगामात सगळं बंद केलंत, वाशीला पेट्या पाठवायची मारामार झाली. एवढं करून कोरोना आलाच. मग उपयोग काय झाला? (बागायतदार, देवगड)

आलाच, आणि येणारच होता. टाळेबंदीने विषाणू मरत नाही, त्याचा वेग उतरतो. हिशेब करून बघा. सुरुवातीच्या कोरोनात एका रुग्णाकडून साधारण अडीच जणांना लागण होत असे आणि एका फेरीला पाचेक दिवस लागत. पाच फेऱ्यांत, म्हणजे पंचवीस दिवसांत, एकाचे जवळजवळ शंभर होतात. लोकांच्या गाठीभेटी निम्म्यावर आणल्या तर पाचव्या फेरीत जेमतेम तीन.

२५ मार्च २०२० ला देश बंद झाला तेव्हा राज्यात सापडलेले रुग्ण शंभराच्या थोडे वर होते. रत्नागिरीचे स्वॅब तेव्हा तपासायला जिल्ह्याबाहेर जात. डेक्सामेथासोन हे साधं, स्वस्त स्टेरॉइड ऑक्सिजनवरच्या रुग्णांचे जीव वाचवतं हे कळायला जून उजाडला. म्हणजे एप्रिलऐवजी जुलैत आजारी पडलेल्या माणसाची जगण्याची शक्यता जास्त होती. टाळेबंदीने मिळाला तो हा उशीर. त्याची किंमत सगळ्यांनी सारखी भरली नाही, ही तुमची तक्रार मात्र रास्त आहे.

प्रश्न : माझा मुलगा लालबागच्या चाळीत दोन महिने अडकला. मे महिन्यात गावी आला, तर लोक म्हणाले, मुंबईवाले कोरोना घेऊन आले. त्यांना मार्चमध्येच येऊ दिलं असतं तर? (एक आई, संगमेश्वर तालुका)

ताई, माझ्या मते टाळेबंदीत सगळ्यात मोठी चूक झाली ती इथे. घरात राहा म्हणणं सोपं, पण घर म्हणजे आठ माणसांची एक खोली आणि मजल्यावर सामाईक संडास असेल तर बंदी रस्त्याला लागते, विषाणूला नाही. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन वॉर्डांत रक्ताच्या चाचण्या झाल्या. झोपडपट्टीतल्या ५७ टक्के लोकांच्या रक्तात कोरोनाची प्रतिपिंडं, म्हणजे लागण होऊन गेल्याची खूण, सापडली, बाहेरच्या वस्तीत १६ टक्के. शहर एक, नियम एक, आणि फरक एवढा.

मार्चअखेर मुंबईत मोजके रुग्ण होते, मेअखेर सुमारे ४० हजार. म्हणजे जिथे लागण वाढत होती तिथेच माणसं धरून ठेवली आणि पुरती वाढल्यावर सोडली. त्यात मुलाचा दोष काय?

पण मार्चमध्ये नुसतं सोडून भागलं नसतं. रात्री आठला घोषणा आणि बाराला बंद, एवढ्या वेळात सगळा कोकण एसटी स्टँडवर लोटला असता आणि लागण गाडीतच झाली असती. चार-पाच दिवसांची मुदत, जादा गाड्या आणि गावच्या शाळेत चौदा दिवसांची सोय, हे तिन्ही हवं होतं. अशक्य मुळीच नव्हतं. त्याच वर्षी गणपतीला चाकरमान्यांना आधी पोचा, दहा दिवस वेगळे राहा, मग आरतीला या, असं सांगितलंच की!

प्रश्न : आम्ही वाडीचो रस्तो चिरे टाकून बंद केल्लो. बरोबर केलंव काय चुकलंव? (मालवण)

१९१८ च्या फ्लूच्या साथीत पॅसिफिक महासागरातल्या अमेरिकन सामोआने बाहेरच्या बोटी अडवल्या आणि तिथे एकही माणूस दगावला नाही. शेजारच्या पश्चिम सामोआने ऑकलंडहून आलेली एक बोट धक्क्याला लागू दिली. तिथली पाचातली एक व्यक्ती गेली. पण ते बेट. तुमच्या वाडीत गॅस, रेशन, नर्स सगळं बाहेरूनच येतं. वूहान २३ जानेवारी २०२० ला बंद केलं, तरी एका अभ्यासानुसार उरलेल्या चीनमधला फैलाव त्यामुळे तीन ते पाच दिवसच लांबला, कारण लागण आधीच बाहेर पडली होती. चिऱ्यांऐवजी वेशीवर माणूस बसवून येणाऱ्याची नोंद ठेवली असती तर जास्त उपयोग झाला असता, आणि रुग्णवाहिकाही अडली नसती.

प्रश्न : स्वीडनने काहीच बंद केलं नाही, तरी निभावलंच ना? (गुहागर)

काहीच नाही असं नव्हे. पन्नासच्या वर माणसं जमवायला आणि वृद्धाश्रमांत भेटी द्यायला तिथेही बंदी होती. तरीसुद्धा २०२० मध्ये नॉर्वे, डेन्मार्क, फिनलंडपेक्षा तिथे लोकसंख्येच्या मानाने जास्त माणसं गेली. पुढच्या दोन वर्षांत ही दरी कमी झाली. शिवाय तिथे आजारी माणसाला पगारी रजा मिळते. हर्णैच्या खलाशाला कोण देणार?

प्रश्न : २०२१ मध्ये निर्बंध असूनही आमच्याकडे घरंच्या घरं आजारी पडली. आणि मच्छीबाजार बंद ठेवणं बरोबर होतं का? (रत्नागिरी)

तेव्हा पसरलेला डेल्टा हा कोरोनाचा बदललेला प्रकार फैलावात मूळ विषाणूच्या कितीतरी पुढे होता. घरात एक आजारी आणि सगळे एकाच न्हाणीघरात, मग बाजार बंद असून काय फायदा? मे अखेरीस सरकारने १८ जिल्ह्यांत गृहविलगीकरण थांबवलं, त्यात रत्नागिरी आणि सिंधुदुर्गही होते. ते महिनाभर आधी व्हायला हवं होतं.

बाजाराचं म्हणाल, तर एप्रिलपासून दुकानं सकाळी सात ते अकराच उघडी ठेवली, हे मला कधीच पटलं नाही. दिवसभरात विखुरणारं गिऱ्हाईक चार तासांत कोंबलं. मासळी उघड्यावर विकली जाते, आणि उघड्यावर लागण कमीच होते. धोका लिलावाच्या घोळक्यात. होड्यांना वेळा ठरवून द्या, पाट्या लांब लांब मांडा, बाजार दिवसभर चालू ठेवा. बंद करायचंच असेल तर मंगल कार्यालयाचा बंदिस्त हॉल आधी बंद करा.