‘आम्ही विकृत’ असं छापावं का?

भुसावळच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. ज्यांची लैंगिक आवड चारचौघांसारखी नसते, पण जे काही करतात ते दोघांच्या राजीखुशीने करतात, अशी इंग्रजी बोलणारी मंडळी ‘पर्व्ह’, ‘किंकी’ असे हिणवणारे शब्द स्वतःच मिरवतात. मराठीत ‘विकृत’ हा शब्द तसा आपलासा करता येईल का? त्यांच्या मित्रमंडळींच्या मनात ‘आम्ही विकृत’ असे टी-शर्ट छापायचं आहे.

छापू नका, असं माझं मत. पण आधी ‘विकृत’ची बाजू मांडतो, कारण ती भलतीच भक्कम आहे.

‘वि’ आणि ‘कृ’ मिळून झालेल्या या शब्दाचा मूळ अर्थ बदललेला, मूळ रूपापासून वेगळा झालेला, एवढाच. त्यात घाण कुठेच नाही. शाळेच्या व्याकरणात नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद हे ‘विकारी’ शब्द असतात आणि ते पाठ करताना कुणी लाजत नाही. गाण्यात सात स्वर शुद्ध, तर कोमल रे, ग, ध, नी आणि तीव्र म हे पाच विकृत. ते वगळले तर रागांच्या दहा थाटांतला एकटा बिलावल उरेल. भैरव जाईल, आणि तोडीत तर चार विकृत स्वर, म्हणजे तिचा जीवच गेला. वेदपाठाची गंमत त्याहून मोठी. संहिता, पद आणि क्रम हे पाठ प्रकृतीचे. त्यांच्यावरून जटा, माला, शिखा, रेखा, ध्वज, दंड, रथ आणि घन असे आठ पाठ बेतले, त्यांना ‘अष्टविकृती’ म्हणतात. ज्या घनपाठी विद्वानाला आपण वाकून नमस्कार करतो, तो विकृतीतच पारंगत असतो! साठ संवत्सरांच्या चक्रात चोविसावं संवत्सर ‘विकृती’च आहे. 2010 च्या गुढीपाडव्याला ते लागलं, तेव्हा वर्षभर तो शब्द कॅलेंडरातून घरोघरी भिंतीवर टांगलेला होता.

एवढं सगळं पदरात असूनही नको का म्हणतो? कारण शब्दाचं मूळ कितीही सोज्ज्वळ असलं तरी आज तो कुणाच्या ताब्यात आहे हे बघावं लागतं. ‘विकृत’ सध्या बातमीदारांच्या आणि पोलिसांच्या ताब्यात आहे. जळगाव-धुळ्याचं कुठलंही वर्तमानपत्र उघडा, ‘विकृत नराधम’ ही जोडी लहान लेकरावर अत्याचार करणाऱ्यासाठी राखून ठेवलेली दिसेल. दोन जाणत्या माणसांनी बंद दाराआड एकमेकांच्या मर्जीने केलेली गोष्ट आणि कुणावर केलेली जबरदस्ती यांत हा शब्द काडीचाही फरक करत नाही. तुम्ही तो छातीवर घेतलात, तर तो नराधमही सोबत येणार.

इंग्रजीतला ‘क्वीअर’ अशा अडचणीत नव्हता. त्याचा अर्थ विचित्र, तऱ्हेवाईक. समलिंगी माणसांना हिणवायला तो दगडासारखा भिरकावला जाई, पण त्याच्या पोटात कुठला गुन्हेगार दडलेला नव्हता. न्यूयॉर्कमध्ये 1990 साली ‘क्वीअर नेशन’ या संघटनेने तो उचलून स्वतःच्याच नावात घातला.

डॉक्टरांनी आणि न्यायालयाने मात्र हा गुंता बराच सोडवलाय. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 1973 मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. 2013 च्या त्यांच्या निदानसूचीने आणखी एक रेघ ओढली: आवड निराळी असणं म्हणजे आजार नव्हे, त्या आवडीपायी स्वतःला त्रास होत असेल किंवा दुसऱ्याला इजा पोचत असेल, तरच आजार म्हणायचं. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 ला ‘अनैसर्गिक’ संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 मधून प्रौढांचे राजीखुशीचे संबंध वगळले. मराठी ‘विकृत’ला यातलं काहीच ठाऊक नाही.

शब्द उलटवणं मराठीला नवं नाही, आणि खान्देशाला तर नाहीच. 2024 च्या फेब्रुवारीत अमळनेरला अखिल भारतीय साहित्य संमेलन भरलं, त्याच वेळी तिथेच ‘विद्रोही’ संमेलनही भरलं. विद्रोही म्हणजे बंडखोर, सरकारदरबारी हा आरोपच. तो इथे मांडवाच्या कमानीवर चढला. 1972 च्या पँथरांनी ‘दलित’ असाच घेतला. पण ‘दलित’ म्हणजे तुडवलेला, आणि तो ऐकणाऱ्याला लगेच विचारतो की तुडवलं कुणी? ‘विकृत’ समोरच्याला काहीच विचारत नाही. जो दोष आहे तो बोलणाऱ्याच्याच माथी ठेवतो.

कधी कधी शिवी अंगावर घेण्याऐवजी साधा शब्दच हक्काने मागितला जातो. जळगाव तालुक्यातल्या भादली बुद्रुकमध्ये अंजली पाटील यांनी ग्रामपंचायतीला महिला गटातून अर्ज भरला, तो त्या तृतीयपंथी म्हणून फेटाळला गेला. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी 2021 मध्ये त्यांना ‘महिला’ म्हणूनच लढू दिलं आणि त्या निवडूनही आल्या. त्यांचा प्रश्न ‘मी कोण’ या ओळखीचा होता, तुमचा आवडीचा आहे. ‘विकृत’ म्हणणाऱ्याला दोन्ही सारखेच, ही त्या शब्दाची आणखी एक खोट.

‘बायल्या’ आणि ‘नाच्या’ही कुणी सुचवतील. पहिल्याच्या पोटात ‘बाईल’ आहे, म्हणजे बाईसारखं असणं हाच कमीपणा. तो उलटवायचा तर आधी बाईबद्दलचं मत उलटवावं लागेल. दुसरा तमाशात बायकी ढंगाने नाचणारा कसबी कलावंत, त्याला यात ओढायलाच नको.

मग काय छापावं? माझ्या मते आवड सांगणारे शब्द चाळावेत. ‘आंबटशौकीन’ आयताच आहे, चव आणि शौक दोन्ही त्यात आहेत, आणि ऐकणारा आधी हसतो. फक्त त्याला चोरून बघणाऱ्या म्हाताऱ्याचा वास आहे. ‘छंदिष्ट’ मला जास्त आवडतो: थोडा हिणवणारा, थोडा लाडका, आणि गुन्ह्याशी काही देणंघेणं नसलेला. कोल्हापूरकरांनी ‘नादखुळा’तल्या खुळ्याचं कौतुक करून दाखवलंच आहे. आपल्या अहिराणीत ‘हाऊ येडा शे’ हे आई म्हणाली तर लाड, सावकार म्हणाला तर अपमान. अशा दोन्हीकडे झुकणाऱ्या शब्दांनाच उलटवायला वाव असतो.

सौम्य शब्द निवडणं म्हणजे कच खाणं, असं समजू नका. टोरंटोत 2011 साली ‘स्लटवॉक’ हा बायकांचा मोर्चा निघाला (‘स्लट’ ही बाईला चवचाल ठरवणारी इंग्रजी शिवी). त्याच वर्षी जुलैत दिल्लीत बायकांनी तसाच मोर्चा काढला, तेव्हा शिवीचं भाषांतर न करता नाव ठेवलं ‘बेशर्मी मोर्चा’. (नाल्याकाठच्या त्या चिवट झुडपालाही आपण ‘बेशरम’च म्हणतो. उपटलं तरी पुन्हा उगवतं.)

तुमच्या मंडळात बायका असतील तर मात्र शब्द त्यांना आधी विचारा. ‘आंबटशौकीन’ आणि ‘रंगेल’ हे पुरुषांसाठी राखीव कौतुक आहे. तीच हौस बाईने केली की तिच्या वाट्याला ‘चवचाल’, ‘उठवळ’ आणि त्याहून वाईट शब्द येतात. ‘छंदिष्ट’ दोघांनाही चालतो, आणि टी-शर्टावर जागाही कमी खातो.