पितृऋण फेडायला सोनेतारण?

प्रश्न : लग्नाला सात वर्षं झाली, मूल नाही. पगार हातात ४२ हजार येतो. ज्योतिषांनी पितृदोष सांगितलाय. त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करायचा, त्याचे जाण्यायेण्यासकट ३० हजार, आणि मी पुष्कराज घालायचा, तो ८० हजारांचा. बँकेत २ लाखांची एफडी आहे. ती मोडू की बायकोच्या पाटल्या तारण ठेवू? – एक वाचक, जालना

उत्तर : विधी करावा की नाही हे तुम्ही विचारलेलं नाही, आणि तो माझा प्रांतही नाही. वडिलांच्या वर्षश्राद्धाला मीसुद्धा हिशेब मांडत बसलो नव्हतो. पण तुमच्या पत्रातले दोन खर्च एका दावणीला बांधू नका.

आधी पुष्कराज. 'गुंतवणूक म्हणूनही चांगला' असं कुणी सांगितलं असेल तर ते सोडून द्या. सोन्याला रोज भाव निघतो, मोडायला गेलात की सराफ काट्यावर ठेवून पैसे मोजतो. खड्याचं तसं नाही. विकत घेतलेल्या दुकानात परत न्या, तोच माणूस आता त्यातला दोष दाखवेल. ८० हजार म्हणजे तुमचा जवळजवळ दोन महिन्यांचा पगार. माझं मत विचाराल तर हा खर्च नकोच.

विधीचे ३० हजार मात्र जमवता येतील, तेही कर्जाविना. नारायण नागबळी तीन दिवसांचा, आणि त्याचे मुहूर्त वर्षभरात बरेच निघतात. महिना ५ हजारांची आरडी सुरू करा, सहा महिन्यांनंतरचा मुहूर्त धरा. आपल्या पूजेच्या संकल्पातच 'यथामिलितोपचारद्रव्यैः' असं म्हणतात, म्हणजे जे साहित्य मिळालं त्यानिशी. व्याजानं आणून करा असं त्यात कुठे नाही. सगळे १ लाख १० हजार सोनेतारणावर उचललेत आणि दर १२ टक्के धरला, तर महिन्याला ११०० रुपये नुसतं व्याज, मुद्दल जागच्या जागी.

आणि पाटल्या तुमच्या नाहीत. ते स्त्रीधन आहे. विधीला दोघांनी जोडीनं बसायचंय, पण अख्ख्या पत्रात पत्नीचं मत एका ओळीनंही आलेलं नाही. आज रात्री जेवणं झाली की विचारा.

एफडीलाही हात लावू नका, पण ते वेगळ्या कारणासाठी. सात वर्षांत डॉक्टरकडे गेलात का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. वीर्यतपासणी हजार-दीड हजारांत होते, आणि आपल्याकडे बऱ्याच घरांत तीच सगळ्यात शेवटी होते. तोवर सुनेच्या चार सोनोग्राफ्या आणि दहा उपास होऊन गेलेले असतात. ती तपासणी या महिन्याच्या पगारातून करा, मुहूर्ताची वाट न बघता. पुढे आयव्हीएफची वेळ आलीच तर एका फेरीलाच दीड-दोन लाख सहज लागतात, आणि पहिल्या फेरीत यश येईलच असं नाही. तुमची एफडी त्यासाठी आहे. वयही थांबत नाही, म्हणून सहा महिने थांबायचंच असेल तर ते पूजेनं थांबावं.

कर्माचा भोग असेल तर तो तपासणीनं वाढत नाही, एवढं तर ज्योतिषीबुवाही मान्य करतील.

मुहूर्त धरण्याआधी गुरुजींना फोन करून एक विचारून घ्या : सांगितलेल्या रकमेत राहणं, जेवण, नवी वस्त्रं आणि सोन्याचा नाग धरलाय का? तो नाग दानात जातो, आणि ग्रॅमभर सोनंसुद्धा आता दहा हजारांच्या वर गेलंय. किती वजनाचा लागेल ते आधीच ठरवून घ्या, तिथे पाटावर बसल्यावर नाही.