झाड वरून हिरवे, आतून पोकळ? आवाजावरून कसे ओळखावे

प्रश्न : बांधावर एक जुने, मोठे झाड आहे. पालवी हिरवीगार आहे, पण बुंध्यावर ठोकले की बद्द आवाज येतो. पायथ्याशी कडक अळंबीही उगवली आहे. झाड आतून कुजले असेल का? न तोडता कळेल का?

उत्तर : कळेल. आपण ठोकून पाहिलेत, तपासणीची सुरुवात तिथूनच होते.

आधी पालवीबद्दल. पाणी वर चढते ते सालीलगतच्या लाकडातून, गाभ्यातून नव्हे. त्यामुळे गाभ्याचा भुगा झाला तरी शेंडा हिरवा राहू शकतो. पाने पाहून झाड भक्कम आहे असे धरून चालू नका. पायथ्याच्या अळंबीकडे मात्र अजिबात दुर्लक्ष नको. लाकूड खाणारी बुरशी आत बराच काळ पसरल्यावरच तिची अशी फळे बाहेर दिसतात.

आता आवाजाचे. निरोगी लाकडात धाग्यांना आडवा जाणारा आवाज सेकंदाला साधारण 1000 ते 2000 मीटर धावतो. कुजलेल्या, भुसभुशीत लाकडात तो मंदावतो. ढोली असेल तर तिला वळसा घालून कडेच्या चांगल्या लाकडातून येतो. दोन्ही वेळा पलीकडे पोहोचायला उशीर होतो, आणि हा उशीरच यंत्र मोजते.

खोडाच्या समोरासमोरच्या बाजूंना खिळ्यासारखे दोन सेन्सर सालीतून आत लाकडाला भिडेपर्यंत बसवतात. एकावर छोट्या हातोडीने टोला मारला की दुसऱ्यापर्यंत लहर किती मायक्रोसेकंदांत पोहोचली ते पडद्यावर दिसते. सेन्सर नुसत्या सालीत राहिला तर आकडा फसवतो. म्हणून एका टोल्यावर भागवू नये, चार-पाच टोल्यांची सरासरी घ्यावी आणि अंतर साल वगळून मोजावे.

समजा, खोड 80 सेंमी जाड आहे. छातीच्या उंचीवर 530 मायक्रोसेकंद लागले आणि बुंध्याशी तेवढ्याच अंतराला 850. म्हणजे वेळ 60 टक्के वाढली. लाकूड तपासणाऱ्यांचा ठोकताळा असा, की वेळ 30 टक्के वाढली तर त्या जागची ताकद जवळपास निम्मी झाली, आणि 50 टक्क्यांपुढे गेली तर कूज फार बळावली. तुलना त्याच झाडाच्या निरोगी भागाशी किंवा त्याच जातीच्या चांगल्या झाडाशी करावी. एका जातीचा आकडा दुसरीला लावू नये.

दोन सेन्सरमधून एकच रेघ तपासली जाते. खोडाभोवती 12 सेन्सर लावून प्रत्येकावर आळीपाळीने टोला मारला, तर 66 रेघा मिळतात. त्यांवरून संगणक खोडाच्या आडव्या छेदाचे रंगीत चित्र काढतो. मोठ्या झाडासाठी मी हीच तपासणी सुचवेन. ती वृक्षतज्ज्ञाकडूनच करून घ्या.

प्रश्न : अशा चित्रात मधोमध मोठा डाग आला आहे. झाड तोडून टाकावे का?

उत्तर : लगेच नको. किती कुजले यापेक्षा चांगले लाकूड किती उरले, हे पाहा. वाऱ्याचा ताण खोडाच्या बाहेरच्या कडेवर सर्वांत जास्त येतो, मध्यावर जवळजवळ नसतोच. 80 सेंमीच्या खोडात बरोबर मधोमध 40 सेंमीची ढोली असली, तरी वाकण्याला तोंड देण्याची ताकद गणिताने 6 टक्केच घटते. तीच ढोली 64 सेंमीची झाली, म्हणजे भोवती 8 सेंमीचीच भिंत उरली, की 41 टक्के ताकद जाते. ढोली एका कडेला सरकलेली असेल किंवा तिचे तोंड उघडे असेल, तर हा हिशेब चालत नाही, धोका त्याहून मोठा असतो.

शिवाय चित्रातला प्रत्येक डाग कुजीचाच असतो असे नाही. आतली साधी भेगही लहरीला अडवते आणि चित्रात ढोलीसारखीच दिसते. उलट, नुकती लागलेली कूज निसटू शकते. काही बुरश्या लाकूड ठिसूळ करतात, पण आवाजाचा वेग फारसा कमी करत नाहीत. त्यामुळे शंकेच्या जागी तज्ज्ञाकडून बारीक सुईने छिद्र पाडून लाकडाचा विरोध मोजून घ्यावा, तोही मोजक्याच ठिकाणी. स्वतः गिरमिटाने भोके पाडू नका. झाड कुजीभोवती आतून बांध घालत असते. तो फुटला की बुरशी चांगल्या लाकडात शिरते.

मुळांची कूज खोडावरच्या या तपासणीत दिसत नाही. झाड नव्याने कलले असेल किंवा बुंध्याजवळची माती उचलली गेली असेल, तर आकडे चांगले आले तरी त्याखाली जनावरे बांधू नका, मुलांना खेळू देऊ नका, आणि तज्ज्ञाला लगेच बोलवा.

प्रश्न : ढोली कोरून साफ करून सिमेंट भरू का?

उत्तर : नको. कोरताना तोच बांध फुटतो. झाड वाऱ्याने डोलते, सिमेंट डोलत नाही. त्यामुळे कडेचे लाकूड घासले जाते आणि फटीत ओल साचते. ढोली आहे तशी ठेवा. त्यात घुबड राहत असेल तर राहू द्या, ते शेतातले उंदीर खाते.